पोच हरवली की निरोप दुबार जातो

समजा, पावसाळ्यातल्या एका पहाटे धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना एखाद्या सरकारी खात्याच्या समाजमाध्यमावरील पानावर उमटली. दोन मिनिटांनी तीच सूचना, त्याच शब्दांत, पुन्हा उमटली. नदीकाठच्या गावात ती वाचणाऱ्याने काय समजावे? विसर्ग आणखी वाढला, असे? पहिली सूचना चुकली म्हणून ती नव्याने दिली, असे? की यंत्र अडखळले, म्हणून दोन्हींकडे दुर्लक्ष करावे, असे? तिन्ही अर्थ संभवतात आणि त्यांतला एक जिवावर बेतणारा आहे.

छापील वृत्तपत्राच्या काळात एकच बातमी दोन पानांवर लागली, तर ती उपसंपादकाची डुलकी मानली जाई. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलणी खावी लागत, वाचक हसून सोडून देत आणि विषय तेथेच मिटे. आता मजकूर लावणारा माणूस बाजूला झाला आहे. महापालिका, पोलीस दले, रेल्वे, बँका, विद्यापीठे आणि वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्या आपला मजकूर आगाऊ लिहून ठेवतात आणि नेमल्या वेळी तो पाठवण्याचे काम संगणकावर सोपवतात. हूटसूट, बफर यांसारख्या सेवा, झॅपियर, मेक, एन८एन यांसारखी जोडकामाची साधने, किंवा कार्यालयातल्याच एखाद्या तंत्रज्ञाने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, असे या व्यवस्थेचे स्वरूप असते. ती बहुतेक वेळा मुकाट्याने चालते. बिघडते तेव्हा मात्र तिची तक्रार बरेचदा एकाच प्रकारची असते : मजकूर एकदा पाठवायचा होता, तो दोनदा गेला.

ही तक्रार किरकोळ मानण्याचे दिवस संपले आहेत. एकसारखा मजकूर अनेक खात्यांवरून एकाच वेळी पाठवण्यास ट्विटरने फेब्रुवारी २०१८ मध्ये मनाई केली. आता एक्स या नावाने चालणाऱ्या त्या माध्यमाने २०२३ मध्ये स्वयंचलित संदेशांवर संख्येची बंधने आणि शुल्क आणले. त्याचा पहिला फटका अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेसारख्या सार्वजनिक यंत्रणांना बसला आणि गदारोळानंतर अशा यंत्रणांना सूट देण्यात आली. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने साचेबद्ध, पुनरुक्त चित्रफितींच्या उत्पन्नाविषयीचा नियम अधिक स्पष्ट केला, तर त्याच महिन्यात मेटाने इतरांचा मजकूर वारंवार उचलणाऱ्या फेसबुक खात्यांचा प्रसार रोखण्याचे जाहीर केले. या नियमांचा रोख फसव्या आणि उचलेगिरी करणाऱ्या खात्यांवर आहे, हे खरे. परंतु नियम राबवण्याचा मोठा भाग यंत्राकडे असतो. पुनरुक्तीमागचा हेतू यंत्राला दिसत नाही, पुनरुक्ती मात्र दिसते. ज्यांच्या संदेशांची संख्या ठरावीक आहे, त्यांचा कोटाही दुबार संदेश खातो तो वेगळाच.

दोष कोठे असतो?

दुबार मजकूर दिसताच पहिला संशय माणसावर घेतला जातो : कुणीतरी कळ दोनदा दाबली असणार. प्रत्यक्षात बऱ्याचदा कुणीही काहीही दाबलेले नसते. यंत्राने आपले काम अत्यंत निष्ठेने केलेले असते आणि त्या निष्ठेतूनच दुबार उद्भवतो.

हे कसे घडते, ते टपालाच्या परिभाषेत सांगता येईल. वेळापत्रक पाळणारा संगणक नेमल्या क्षणी मजकूर समाजमाध्यमाच्या संगणकाकडे पाठवतो आणि पोचपावतीची वाट पाहतो. मजकूर मिळाला, प्रसिद्ध झाला, त्याचा क्रमांक अमुक, असे उत्तर आले की काम पूर्ण. परंतु उत्तर ठरावीक सेकंदांत आले नाही, तर? पाठवणाऱ्याच्या दृष्टीने दोन शक्यता असतात. मजकूर वाटेतच गहाळ झाला असेल, किंवा मजकूर पोचला पण पोचपावती गहाळ झाली असेल. आपल्या टेबलापाशी बसून या दोहोंतला फरक त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून तो शिकवल्याप्रमाणे पुन्हा पाठवतो. पहिली शक्यता खरी असेल, तर त्याने काम वाचवले. दुसरी खरी असेल, तर मजकूर दुबार झाला.

संगणकशास्त्राला हा पेच नवा नाही. १९७५ मध्ये तो शोधनिबंधात मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा पेच’ हे नाव दिले. दोन टेकड्यांवर तळ ठोकलेल्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण त्यांचे जासूद शत्रूच्या दरीतूनच जाऊ शकतात आणि वाटेत मारले जाऊ शकतात. निरोप पोचला का, पोचल्याचा निरोप पोचला का, त्या निरोपाची पोच पोचली का, ही साखळी कधीच संपत नाही. कितीही जासूद धाडले तरी दोघांनाही पूर्ण खात्री देणारी शेवटची पोच अस्तित्वात नसते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. अधिक चांगले यंत्र आणले म्हणून ही अडचण नाहीशी होत नाही.

मोठ्या कंपन्या ही मर्यादा आपल्या माहितीपत्रकांत उघडपणे मान्य करतात. ॲमेझॉनची निरोपांची सर्वसाधारण रांग ‘किमान एकदा’ निरोप पोचवण्याची हमी देते. गूगलच्या तशाच सेवेचा मूळ करारही तोच आहे. ‘किमान एकदा’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ ‘प्रसंगी दोनदा’ असा होतो. नेमल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या कुबरनेटीस या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या मार्गदर्शिकेतही, काही परिस्थितीत एकाच वेळेची दोन कामे सुरू होऊ शकतात, तेव्हा काम असे लिहा की ते दोनदा झाले तरी बिघडणार नाही, असे बजावलेले आहे. ही सूचना वाचली जात नाही, हा खरा प्रश्न आहे.

पुनरुक्तीच्या अनेक वाटा

हरवलेली पोच हे एक कारण झाले. दुसरे कारण त्याहून साधे आणि कार्यालयीन आहे : एकच काम दोघांकडे असणे. जुन्या कर्मचाऱ्याने आपल्या खात्यातून लावलेली योजना तो बदलून गेल्यावरही चालू राहते आणि नवा कर्मचारी तेच काम नव्या साधनातून सुरू करतो. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले जाते, पण जुना सर्व्हर बंद करण्याचे राहून जाते. चाचणीसाठी केलेली नक्कल खऱ्या खात्याला जोडलेली राहते. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबरच असतात आणि चुकलेला असतो तो कार्यभाराचा पदर.

तिसरे कारण नोंदीच्या वेळेचे. अनेक कार्यालयांत मजकुराची यादी एका तक्त्यात असते आणि मजकूर गेला की त्यापुढे ‘पाठवले’ असा शेरा पडतो. दर पाच मिनिटांनी यंत्र तक्ता वाचते आणि शेरा नसलेल्या ओळी पाठवते. एखाद्या दिवशी मोठी चित्रफीत चढवण्यास सात मिनिटे लागली, तर पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होते. तिला ती ओळ अजून कोरीच दिसते आणि ती पुन्हा उचलली जाते.

चौथे कारण वृत्तपत्रांच्या परिचयाचे आहे. नव्या बातम्यांची यादी आरएसएस या पद्धतीने तयार होते आणि त्या यादीवरून मजकूर समाजमाध्यमांवर जातो. प्रत्येक बातमीला कायमची ओळख देण्याची सोय या पद्धतीत आहे. परंतु अनेक ठिकाणी ओळख म्हणून बातमीचा पत्ताच वापरला जातो आणि तो पत्ता मथळ्यावरून बनतो. रात्री मथळ्यातली चूक सुधारली की पत्ता बदलतो आणि यंत्राला ती नवी बातमी वाटते. शुद्धलेखन सुधारण्याची शिक्षा म्हणून बातमी दुसऱ्यांदा प्रसिद्ध होते.

पाचवे कारण घड्याळाचे. एका साधनात भारतीय प्रमाणवेळ आणि दुसऱ्यात ग्रिनिचशी जोडलेली जागतिक वेळ धरली असेल, तर सकाळी नऊचा मजकूर नऊला एकदा आणि दुपारी अडीचला पुन्हा निघतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना आणखी एक अडचण असते. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतली जातात, म्हणजे एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो. दीड वाजताचे काम त्या रात्री दोनदा होऊ नये, याची काळजी सगळीच साधने घेत नाहीत.

यावर उपाय म्हणून अनेक जण मजकुराची तुलना करतात : आधी गेलेल्या मजकुराशी अक्षरशः जुळणारा मजकूर पाठवायचा नाही. मराठीपुरते हे कुंपण गळके आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एक, खालच्या टिंबाचा र आणि हलन्त असा. दुसरा, साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. एका टंकलेखकाने पहिली पद्धत आणि दुसऱ्याने दुसरी वापरली, तर एकच वाक्य यंत्राला दोन भिन्न वाक्ये वाटते. इंग्रजीसाठी बेतलेल्या साधनांवर मराठी कार्यालयांनी डोळे झाकून विसंबू नये, याचे हे एक कारण.

आधी घडलेले धडे

हा दोष समाजमाध्यमांपुरता असता, तर त्याची चर्चा तंत्रज्ञांवर सोडता आली असती. परंतु हाच दोष पैशाच्या आणि सुरक्षिततेच्या व्यवहारांत डोके वर काढतो, तेव्हा त्याचे खरे मोल कळते.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आठ सर्व्हरवर नवी प्रणाली बसवली, पण त्यांतला एक राहून गेला. त्या एकावर जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला. मागणी पूर्ण झाली की थांब, असे सांगणारा दुवा त्या कोडपासून पूर्वीच तुटलेला होता. परिणामी २१२ ग्राहकांच्या मागण्या पुरवण्याच्या प्रयत्नात त्याने सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे केले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व पुढच्याच वर्षी संपले. अमेरिकी नियामकाच्या आदेशात एक तपशील नोंदलेला आहे : त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने त्रुटीचा उल्लेख असलेली ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना धाडली होती. त्यांच्यावर कुणी कृती केली नाही. सूचना खूप झाल्या की त्यांचे वजन जाते, हेही पुनरुक्तीचेच एक रूप.

२५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात, ब्रिटनमधील सँटँडर बँकेने सुमारे २ हजार व्यावसायिक खात्यांवरून निघालेली जवळपास ७५ हजार देणी दुसऱ्यांदा अदा केली. दुसऱ्या वेळची रक्कम बँकेच्या स्वतःच्या तिजोरीतून गेली आणि ती १३ कोटी पौंडांच्या घरात होती. कारण म्हणून बँकेने वेळापत्रकातील बिघाडाकडे बोट दाखवले. पैसे इतर बँकांतल्या खात्यांतही जमा झाले होते, साहजिकच ते परत मिळवण्यासाठी त्या बँकांची मनधरणी करण्याची वेळ आली. चुकीचा मजकूर काढून टाकता येतो. दुसऱ्याच्या खात्यात गेलेला पगार काढून घेणे तितके सोपे नसते.

निरोपांच्या रांगेत अडकलेला मजकूर उशिरा निघाला, तर काय होते, हे ७ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत दिसले. त्याच वर्षीच्या १४ फेब्रुवारीला सिनिव्हर्स या कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला होता. नऊ महिन्यांनी तो सुरू होताच अडकलेले १ लाख ६८ हजार १४९ संदेश ताजे असल्यासारखे रवाना झाले. मधल्या काळात निधन पावलेल्या आप्तांचे निरोपही त्यामुळे काहींच्या हाती पडले. येथे दोष पुनरुक्तीचा नव्हता, शिळेपणाचा होता. पण मूळ एकच : हा निरोप अजून पाठवण्याजोगा आहे का, असे यंत्राने स्वतःला विचारले नाही.

या साऱ्यावर कडी केली ती जानेवारी २०२५ मधल्या लॉस एंजेलिसच्या वणव्यांनी. ९ जानेवारी रोजी केनेथ नावाच्या वणव्याजवळच्या मर्यादित भागासाठी असलेला स्थलांतराचा इशारा सबंध काउंटीतल्या सुमारे १ कोटी लोकांच्या फोनवर वाजला. काही वेळातच दुरुस्ती पाठवण्यात आली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तसेच चुकीचे इशारे पुन्हा वाजू लागले. ते कुणा माणसाने पाठवलेले नाहीत, असे काउंटीच्या अधिकाऱ्यांना जाहीर करावे लागले. आगीत बंद पडलेले मोबाइलचे मनोरे पुन्हा सुरू होताना जुने इशारे उसळून येत असावेत, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. अखेरीस इशारे देण्याचे काम राज्याच्या यंत्रणेकडे सोपवले गेले. इशारे बंद करून टाकू नका, अशी विनवणी अधिकाऱ्यांनी लोकांना केली. खऱ्या वणव्याच्या वेळी इशाऱ्यावरचा विश्वास ढळणे, ही त्या पुनरुक्तीची किंमत होती.

तपासाचा क्रम

एखाद्या कार्यालयात दुबार मजकुराची तक्रार आली, तर बहुधा दोन गोष्टी घाईने केल्या जातात : एक प्रत काढून टाकली जाते आणि योजना बंद करून नव्याने बांधली जाते. दोन्हींमुळे पुरावा नष्ट होतो. काढून टाकण्याआधी दोन्ही प्रतींचे क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ आणि कोणत्या साधनातून त्या आल्या, हे टिपून ठेवले पाहिजे. जिथे शक्य असेल तिथे योजना तात्पुरती थांबवावी, पण मोडू नये.

पुष्कळ काही सांगून जाते ते दोन प्रतींमधले अंतर. दोन्ही एकाच सेकंदात आल्या असतील, तर बहुधा दोन यंत्रे एकाच वेळी चालली किंवा एकाच घटनेने योजना दोनदा जागी केली. अंतर अर्ध्या-एक मिनिटाचे असेल, तर पोच हरवून यंत्राने फेरप्रयत्न केल्याचा संशय घ्यावा. ते यंत्राच्या फेरीइतके, म्हणजे पाच किंवा पंधरा मिनिटांचे असेल, तर ‘पाठवले’ हा शेरा उशिरा पडतो आहे. नेमके साडेपाच तास असतील, तर गोंधळ घड्याळांचा आहे. आणि प्रती काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी आल्या असून मथळ्यात किंचित फरक असेल, तर बातमीची ओळख बदलली आहे.

त्यानंतर यंत्राची दैनंदिनी पाहावी. तीत एकाच मजकुरासाठी दोन फेऱ्या दिसल्या, तर दोष योजना जागी करणाऱ्या भागात आहे. फेरी एकच आणि प्रयत्न दोन दिसले, तर दोष फेरप्रयत्नात आहे. दैनंदिनीत एकच फेरी आणि एकच प्रयत्न असूनही मजकूर दोनदा उमटला असेल, तर उघड आहे की दुसरी प्रत भलतीकडूनच आली : विस्मरणात गेलेली एखादी जुनी योजना, दुसऱ्याच्या खात्यातली जोडणी, किंवा खरोखरच एखादा माणूस. खात्याला कोणकोणत्या साधनांना परवानगी दिलेली आहे, ती यादी समाजमाध्यमाच्या सेटिंगमध्ये मिळते. ती वाचताना अनेक कार्यालयांना आपले विसरलेले इतिहास सापडतात.

जावक क्रमांकाचे शहाणपण

उपाय मात्र संगणकाच्या कितीतरी आधीपासून सरकारी दफ्तरात आहे. कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक दिला जातो. तो पत्र रवाना होण्यापूर्वी नोंदवहीत लिहिला जातो. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जाते, पण त्यावर मूळ पत्राचा संदर्भ क्रमांक असतो. स्वीकारणाऱ्या कार्यालयाचा आवक कारकून तो क्रमांक पाहतो आणि नवी नस्ती उघडत नाही. पत्र तीनदा आले तरी काम एकदाच होते. दोन सेनापतींचा पेच यामुळे सुटत नाही, पण तो निरुपद्रवी होतो. निरोप हवा तितक्या वेळा पाठवा, ओळखणारा क्रमांक एकच ठेवा, आणि गाळण्याचे काम स्वीकारणाऱ्याकडे द्या.

संगणकाच्या व्यवहारातही हेच करावे लागते. मजकूर यादीत शिरतानाच त्याला कायमचा क्रमांक मिळावा. तो मथळ्यावरून किंवा शब्दांवरून बनू नये. पाठवण्यापूर्वी ‘पाठवत आहे’ अशी नोंद व्हावी आणि ती नोंद असेपर्यंत दुसऱ्या फेरीने त्या ओळीला हात लावू नये. पोच आली नाही, तर आंधळेपणाने पुन्हा पाठवण्याऐवजी आधी खात्यावर जाऊन मजकूर उमटला आहे का, ते पाहावे. ऑनलाइन देण्याघेण्याच्या क्षेत्रात स्ट्राइपसारख्या कंपन्यांनी अशी ओळख-किल्ली पाठवण्याची सोय फार पूर्वी केली. मॅस्टोडॉन या मुक्त समाजमाध्यमानेही ती केली आहे : तीच किल्ली घेऊन आलेला दुसरा मजकूर ते नव्याने प्रसिद्ध करत नाही.

मोठी समाजमाध्यमे मात्र क्रमांकाऐवजी शब्दांकडे पाहत आली आहेत. लागोपाठ आलेला तोच मजकूर नाकारण्याची व्यवस्था ट्विटरने केली होती. फेसबुक आणि लिंक्डइन यांच्या नियमांतही तसा नकार आहे. वरकरणी हे सोयीचे वाटते. पण ‘आज पाणीपुरवठा बंद राहील’ ही सूचना मंगळवारी आणि शुक्रवारी खरोखरच तीच असू शकते आणि अशा वेळी खरी सूचनाही दुबार ठरून नाकारली जाण्याचा धोका राहतो. मग कर्मचारी तोड काढतो : शेवटी एक टिंब वाढवतो किंवा एखादे चित्रचिन्ह चिकटवतो. काही साधने तर हे आपोआप करतात. आणि ज्या क्षणी प्रत्येक प्रयत्नाला निराळे टिंब लागते, त्या क्षणी दुबार अडवणारे शेवटचे कुंपणही कोसळते. चुकीच्या ठिकाणी लावलेले कुलूप लोकांना खिडकीतून ये-जा करायला शिकवते, तशातला हा प्रकार.

मजकूर उमटला आहे का, ही चौकशीही बेताने व्हावी लागते. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार अडखळले. व्यवहाराचे काय झाले, अशी विचारणा काही बँकांकडून सतत आणि जुन्या व्यवहारांसाठीही होत राहिल्याने यंत्रणेवर ताण आला, असे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासात आढळले. त्यानंतर अशा विचारणांवर बंधने आली. पोच मिळेना म्हणून सगळ्यांनी एकदमच टपालखिडकी ठोठावली, तर टपालच बंद पडते. दोन प्रयत्नांत थोडे थांबणे, दर खेपेस थांबण्याचा अवधी वाढवणे आणि काही प्रयत्नांनंतर माणसाला हाक मारणे, हा शिष्टाचार यंत्रालाही शिकवावा लागतो.

एकदाही नको की दोनदा चालेल?

तरीही एक प्रश्न तंत्रज्ञ सोडवू शकत नाही, कारण तो तंत्राचा नाही. पोच आली नाही आणि चौकशीचाही मार्ग नसला, तर यंत्राने काय करावे? पुन्हा पाठवले, तर दुबार होण्याचा धोका. न पाठवले, तर मुळीच न पोचण्याचा धोका. दोन्ही टाळणारा तिसरा मार्ग नसतो. कोणता धोका पत्करायचा, हे मजकुराच्या स्वरूपावर ठरते आणि ते ठरवणे ही त्या त्या खात्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे.

पुराचा इशारा दोनदा गेला तर चालेल, एकदाही न जाणे चालणार नाही. सणाच्या शुभेच्छा एकदाही गेल्या नाहीत तरी कुणाचे बिघडत नाही, दोनदा गेल्या तर हसे होते. परीक्षेच्या निकालाची घोषणा, निविदेची मुदत, मतदानकेंद्राचा बदल यांत पुनरुक्तीपेक्षा शिळी पुनरुक्ती घातक, म्हणून त्यांना मुदत हवी : अमुक वेळेनंतर हा मजकूर पाठवूच नये. पैसे देण्याचा आदेश तर क्रमांकाशिवाय दुसऱ्यांदा जाताच कामा नये. आज बहुतेक कार्यालयांत हे सारे मजकूर एकाच योजनेतून, एकाच फेरप्रयत्नाच्या नियमाने जातात. शुभेच्छा आणि पूर यांना एकच न्याय लावला जातो आणि दोष निघाला की साधन बदलले जाते.

सूचना आणि विश्वास

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जगभर जी सामाईक लेखनपद्धती वापरली जाते, तिची १.२ ही आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. तीत प्रत्येक इशाऱ्याला स्वतंत्र ओळख असते, पाठवल्याची वेळ असते आणि हा नवा इशारा आहे, आधीच्याची सुधारणा आहे की तो रद्द केल्याची सूचना आहे, हे सांगावे लागते. सुधारणा असेल तर मूळ इशाऱ्याचा संदर्भ देता येतो. भारताची ‘सचेत’ ही यंत्रणा याच पद्धतीवर उभी आहे. मोबाइलवर जोराने वाजणाऱ्या प्रसारित इशाऱ्यांच्या चाचण्या दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये देशभर घेतल्या. त्या तंत्रातही मनोरा एकच इशारा ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा प्रसारित करतो, म्हणजे त्या भागात नव्याने आलेल्या फोनलाही तो मिळतो. ज्या फोनने तो आधी दाखवला आहे, तो फोन अनुक्रमांक पाहून दुसरी प्रत गिळून टाकतो. अनेकदा पाठवा, एकदाच दाखवा, हे सूत्र येथे जन्मापासूनच आहे.

गोची होते ती हा इशारा समाजमाध्यमाच्या मजकुरात उतरवताना. ओळख, वेळ आणि संदर्भ हे सारे वाटेत गळून पडते आणि उरतात ते केवळ शब्द. वाचकाच्या हाती अग्रेषित होत होत तो मजकूर पोचतो, तेव्हा तो पहिला आहे की दुसरा, आजचा की कालचा, हे सांगणारे त्यात काहीच नसते. म्हणून तंत्रज्ञांची वाट न पाहता कोणत्याही जिल्हा प्रशासनाला किंवा महापालिकेला आजच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे मजकुराच्या पहिल्याच ओळीत सूचनेचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिणे. ‘सूचना क्र. ३, सकाळी ६.००’ एवढे पुरे आहे. सुधारणा असेल तर ‘सूचना क्र. ३ ऐवजी’ असे स्पष्ट म्हणावे. मग तीच ओळ दोनदा दिसली, तरी गावातला माणूस समजून घेईल की निरोप तोच आहे, पाणी आणखी वाढलेले नाही. आणि चौथा क्रमांक दिसला की तो उठून सामान आवरायला लागेल.

यासाठी नवे साधन विकत घेण्याची गरज नाही, नवा निधीही लागत नाही. जावक नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनाला जे ठाऊक होते, ते नव्या योजनेत उतरवणे एवढेच काम आहे. ते यंत्राच्या भरवशावर सोडले, तर यंत्र आपल्या निष्ठेने निरोप पाठवत राहील. फक्त ज्याच्यासाठी तो आहे, त्याने तोवर वाचणे सोडलेले असेल.